अकराची लाईट

दोन हजार नऊ सालची गोष्ट. त्या काळी डिंगोऱ्यात दिवस मोजायचा तो लाईटवर. विहिरीवरच्या मोटारीची लाईट आली की माणूस रानात, गेली की घरी. म्हणून पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी "हे किती वाजता पडले?" असं विचारलं, तेव्हा द्रौपदा न अडखळता म्हणाली, "अकराला. लाईट आली तवा." नवरा दिवस उगवताच रानात गेलेला; साडेअकराला ती भाकरी घेऊन गेली, तर तो चालू मोटारीच्या स्टार्टरपाशी पडलेला. तोंड वाकडं, हात लुळा, वाचा गेलेली.

चार वाजता डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"मावशी, मेंदूच्या शिरेतली गाठ दोनदा ओढून काढली. शीर परत मिटते. आता जाळीची नळी बसवून ती उघडी ठेवायची, एवढंच उरलंय. पण मग रक्त पातळ करायचं औषध द्यावं लागतं, आणि उशीर झाला असेल तर मेंदूत रक्त फुटतं. अकराच ना?"

"व्हय."

त्या आत वळल्या. सहीचा कागद द्रौपदाच्या हातात आला, तोच दीर सयाजीचा फोन वाजला.

"शेजारच्या गेणूनं मोटार बंद केली," फोन ठेवत तो म्हणाला. "पाणी पार रस्त्यावर गेलं व्हतं म्हणं. आजपासून लाईटची पाळी बदलली ना, आठलाच आली."

द्रौपदाचं पेन थांबलं. अर्ध्या तासात पाणी रस्त्याला लागत नाही. साडेअकराला रस्त्यावरचं तेच पाणी तुडवत तिनं त्याला उचलून नेलं होतं. पहिला वाफा फुटलेला, पाणी पुढच्या वाफ्यात वळवायला दारं मोडलेलंच नव्हतं. म्हणजे आठपासून तो तिथं एकटा, चिखलात. आणि ती घरी निवांत भाकरी थापत होती.

"वहिनी, बोलू नका," सयाजी दबक्या आवाजात म्हणाला. "आठ सांगितलं तर हात लावायचे न्हाईत."

"आन न सांगता लावला, आन रक्त फुटलं तर?"

तिनं दार तळहातानं बडवलं.

"बाई, माझी चूक झाली वो! अकरा न्हाई, आठ!"

डॉक्टरीणबाई आत गेल्या, मेंदूचे फोटो पुन्हा पाहून आल्या.

"मधला भाग गेलाय. कडेचा अजून जिवंत दिसतो. नळी टाकली तर रक्त फुटून जीव जाईल, ही भीती आहे. नाही टाकली तर कडेचंही जाईल. औषध बेतानं देईन, पण शब्द देत नाही. आता तुम्ही सांगा."

सयाजी फरशीकडे बघत म्हणाला, "दादा लई मानी हाय, वहिनी. वाचला तरी असं लुळं पडून..."

"त्यांचा मान मी बघीन, भावजी." तिनं सही केली. "टाका, बाई. बिगी बिगी टाका."