एक वाटी, तीन चमचे

रंगारी तोंड उघडेना.

आक्काने चमचा ओठाशी नेला की तो मान भिंतीकडे वळवायचा. जन्मभर लोकांच्या भिंती रंगवल्या, आता स्वतःच भिंत होऊन बसला होता. पक्षाघाताच्या झटक्याने तिच्या या नवऱ्याचं उजवं अंग गेलं, बोलणं अर्धं गेलं आणि गिळणं बिघडलं. साधं पाणीसुद्धा फुफ्फुसात उतरायची भीती, म्हणून इस्पितळातल्या गिळायचं शिकवणाऱ्या बाईने एक पांढरी पावडर दिली होती. पातळ असेल ते त्या पावडरीने खळीसारखं घट्ट करायचं आणि चमच्याने भरवायचं. रंगारी ती खळ ओठाला लावून घ्यायचा आणि गालातून सोडून द्यायचा. "सोमवारपर्यंत पिणं वाढलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल," बाई बजावून गेली होती.

नळी इस्पितळात एकदा घातलीच होती. ती त्याने चालत्या हाताने उपटली. मग तिथल्या लोकांनी तो हात पलंगाला बांधला. आक्काने ते पाहिलं होतं, आणि ते दुसऱ्यांदा पाहायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

तिचं म्हणणं, हा सगळा चवीचा प्रश्न. शिडी चढायच्या आधी चहा, उतरल्यावर चहा, असा हा माणूस. कफ होतो म्हणून दूध बंद. थोडा हिरवा चहा चालेल, असं बाई म्हणाली होती. मग सुनेने मोबाइलवर जपानी चहाची दुकानं उघडली आणि दोघी सासवासुना आपापला कप घेऊन रंगाऱ्याच्या पलंगाशी निवडायला बसल्या.

"हा सेंचा," सून वाचू लागली. "कोवळ्या गवताचा सुगंध, आणि शेवटी समुद्राची आठवण."

"गवत जनावराला घाल. आणि समुद्र खारट असतो, हे त्या दुकानदाराला कुणी सांगितलं नाही वाटतं."

"हा होजिचा. भाजलेला. लाकडाच्या धुरासारखा वास."

"म्हणजे चूल चाटायची. घे, घे. भाजलेलं पोटाला बरं."

"हा सावलीत वाढवलेला. पाणी कोमटच हवं, नाहीतर बिघडतो. यांनी तर पाणी निववायचं वेगळं भांडंही विकायला ठेवलंय."

"चहापेक्षा किटली गरम. बिघडायला आपल्या घरात एक आहे तेवढा पुरे."

पलंगावर रंगाऱ्याने मान भिंतीकडे वळवली.

चाखण्यापुरत्या पुड्या आल्या. आक्का रोज एक चहा करायची, गाळायची, निववायची, पावडर घालून घोटायची, घट्ट व्हायची वाट बघायची आणि चमचा पुढे करायची. सेंचा उशीवर सांडला, होजिचा छातीवर. उशीचे अभ्रे धुऊन धुऊन तिच्या हातांची सालं निघाली. सून म्हणाली, आई, जरा पडा. आक्का म्हणाली, पडले तर उचलायला कोण येणार, तू? पण आवाजाला नेहमीची धार नव्हती.

आठवडा सरत आला तशा पुन्हा दोघी कप घेऊन बसल्या.

"आता हा माचा तेवढा राहिला," सून म्हणाली. "पानांची भुकटी असते. गाळायची नाही, पाण्यात घुसळून तशीच प्यायची." ती खाली वाचत गेली. "मानाच्या पाहुण्यांसाठी हा म्हणे इतका घट्ट करतात की वाटी कलंडली तरी पटकन ओघळत नाही. आणि सगळे एकाच वाटीतून पितात, आळीपाळीने."

"घट्ट? मुद्दाम?"

"मुद्दाम. हा फोटो बघा."

डब्यातल्या ताज्या हिरव्या रंगासारखं दिसत होतं. आक्काने फोटोवरून नजर उचलली, तर रंगारी बघत होता. भिंतीकडे नाही, तिच्या हाताकडे. हातातल्या कपाकडे. पातळ, वाफाळत्या चहाकडे.

रोज याच जागी बसून दोघींनी भुरके मारले होते. त्याच्या नाकासमोर. आणि त्याच्यापुढे खळ.

आक्काने कप खाली ठेवला. "हा मागव. आणि हे कप उचल इथून."

"अर्धा राहिलाय तुमचा."

"उचल म्हटलं ना."

शनिवारी सकाळी डबी आली. आक्काने बाईला फोन केला. बाई म्हणाली, चालेल, पण पांढऱ्या पावडरीचं माप चुकवू नका. आक्काने तेच माप घालून भुकटी घोटली आणि एक वाटी, तीन चमचे घेऊन पलंगाशी बसली. उशा लावून रंगाऱ्याला ताठ बसवलं.

"अहो, तिकडे मानकऱ्यांना हे असंच घट्ट देतात," ती म्हणाली, आणि पहिला चमचा स्वतःच्या तोंडात घातला.

आजवर तिने ती पांढरी पावडर बोटाला लावूनही चाखली नव्हती. कडू तर होतंच, पण त्याहून वाईट म्हणजे ते उतरेना. जिभेवर बसून राहिलं, घशाशी रेंगाळलं. तिने चेहरा हलू दिला नाही आणि गिळलं.

सुनेने चमचाभर घेतलं आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं.

"तोंड सरळ कर," आक्का म्हणाली. "वाकडं तोंड या घरात एकालाच शोभतं."

रंगाऱ्याच्या चांगल्या बाजूचा ओठ हलला. तो हसला होता. मग त्याने तोंड उघडलं. आक्काने तिसरा चमचा दिला आणि त्याच्या गळ्याकडे बघत राहिली. घाटी वर गेली, खाली आली. ठसका नाही. गालातून काही ओघळलंही नाही.

त्याने वाटीत डोकावून पाहिलं, पूर्वी डब्यातला रंग बघायचा तसं.

"दुसरा... हात," तो म्हणाला. भिंतीला रंगाचा एक हात कधी पुरत नाही, हे त्याचं जन्माचं म्हणणं.

आक्काने घाईने चमचा भरला. त्याने तोंड मिटलं आणि डोळ्यांनी तिचा चमचा दाखवला. आधी तू.

तिने घेतला. मग सुनेने. मग त्याने. असं वाटी खरवडेपर्यंत चाललं.

"आई, तुमचा चहा टाकू का आता?" सुनेने वाटी उचलत विचारलं.

आक्काची कंबर ठणकत होती. जीभ कडू झाली होती. चुलीवरच्या उकळत्या चहाचा वास आठवूनच तिला भरून आलं.

"आता कसला चहा," ती म्हणाली. "दुपारीपण तीन चमचे काढ."