लामूच्या गल्लीतून आईस्क्रीम

मुलांनो, डोळे मिटा बघू. समजा, तुमच्या मांडीवर थर्माकोलचा एक डबा आहे. डब्यात पिस्त्याचं हिरवंगार आईस्क्रीम आहे. ऊन असं कडक, की होडीच्या फळीवर हात ठेवला तर चटका बसतो. आणि ते आईस्क्रीम तुम्हाला घट्टच्या घट्ट घरी न्यायचंय. खायचं नाही हं, न्यायचं! आलं डोळ्यांसमोर? आता तो डबा झुहुराच्या मांडीवर द्या, कारण ही गोष्ट तिची आहे.

झुहुरा आमच्या लामू बेटावरच्या मोठ्या गल्लीत राहते, अगदी वरच्या टोकाला. तिच्या आजीचा उरलासुरला दात परवाच काढला होता. तेव्हापासून आजी रुसून बसली होती. पेज नको, माशाचं कालवण नको. नैरोबीला एकदा खाल्लेलं हिरवं आईस्क्रीम तेवढं हवं. योगायोगाने झुहुराची मोठी बहीण मुनिरा त्या दिवशी दुपारी नैरोबीहून विमानाने येणार होती. तिला निरोप गेला, आईस्क्रीम बर्फात घालून आण.

झुहुराने संधी साधली. दुसऱ्या दिवशी शिडाच्या होड्यांची शर्यत होती आणि फमाऊमामाला होडीतलं पाणी उपसायला कुणीतरी चिटुकलं माणूस हवं होतं. आजी मात्र काही केल्या सोडत नव्हती.

"आजी, मी विमानतळावर जाऊन आईस्क्रीम आणलं, तर मला शर्यतीला जाऊ देशील?"

"घट्ट आणलंस तर जा," आजी बोळक्या तोंडाने म्हणाली. "पातळ झालं असेल तर उद्या दिवसभर माझ्यापाशी बसून खोबरं खवायचं."

आमचा विमानतळ समोरच्या मांडा बेटावर. विमानातून उतरून थोडं चाललं की धक्का, आणि धक्क्याला मामाची होडी लागलेलीच होती. मुनिरा आली, तिने डबा झुहुराकडे दिला आणि होडी निघाली.

"मामा, लवकर चल ना!"

"वाऱ्याला सांग. शीड त्याच्या हातात आहे, माझ्या नाही."

वारा शहाणा निघाला. होडी झटक्यात लामूला लागली. मामा म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, मी होडी बांधून सामान घेऊन येतो." झुहुराला वाटलं, जिंकलो! पण अजून गल्ली बाकी होती.

आमच्या गल्लीत दाराशेजारी दगडी ओटे आहेत आणि ओट्यांवर दिवसभर मोठी माणसं बसलेली असतात. मुनिरा तर वर्षाने घरी येत होती. पहिल्याच ओट्यावर कोम्बोआजोबा.

"शिकामू, आजोबा," मुनिराने वाकून नमस्कार केला.

"मराहबा, पोरी, मराहबा! नैरोबीची काय खबर?"

"छान."

"अभ्यासाची?"

"छान."

"प्रवासाची?"

"छान. फक्त विमानात उलटी झाली."

आमच्याकडे असंच. घराचं छप्पर उडालेलं असलं तरी आधी 'छान' म्हणायचं, मग छपराचं सांगायचं. कोम्बोआजोबांचं संपलं, तेव्हा शेजारी बसलेल्या आजोबांनी पहिल्यापासून सुरू केलं, कारण त्यांनी अजून विचारलं नव्हतं ना! तेवढ्यात कॉफीवाला आला. डब्याच्या तळातून एक थेंब झुहुराच्या पायावर पडला. गार!

"ताई, चल ना गं!"

"अगं, मोठी माणसं विचारतायत. तशीच पुढे गेले तर म्हणतील, नैरोबीला जाऊन हिला शिंगं फुटली."

झुहुरा एकटी निघाली असती, पण लहान मुलालाही प्रत्येक ओट्यापाशी शिकामू चुकत नाही. शिवाय कुणी ना कुणी विचारणारच, डब्यात काय? खाण्याच्या वस्तूचं नाव घेतलं की "करीबू, या, खा" म्हणावंच लागतं. आणि घरापर्यंत ओटे किती!

इतक्यात मागून हाळी आली. "बाजूला! बाजूला!" वाळूची पोती लादलेलं गाढव येत होतं, मागे हमादीकाका. कोम्बोआजोबांनी प्रश्न अर्धा सोडून पाय वर घेतले. सगळे भिंतीला चिकटले. हमादीकाकाला कुणी एका शब्दाने विचारलं नाही.

झुहुराने डबा डोक्यावर घेतला आणि गाढवाच्या शेपटीमागे चालू लागली. "बाजूला! बाजूला!"

"ए, गाढव माझं आणि ओरडतेस तू?"

"काका, तुमचा घसा दुखत असेल म्हणून."

"दुखतोय खरा. ओरड मग."

एक ओटा गेला, दुसरा गेला. "अगं, ती झुहुरा का?" असं कुणीतरी म्हणेपर्यंत तिसराही मागे पडला. मग गल्लीचं अरुंद वळण आलं आणि समोरून दुसरं गाढव आलं, पाठीवर बांधकामाचे दगड. नाकाला नाक लागलं. लामूचं गाढव मागे सरकत नाही.

"तुझं मागे घे!" हमादीकाका ओरडला.

"माझं म्हातारं आहे रे."

"मग त्याला घरी झोपव आणि दगड तू वाहा!"

नेमका तिथेच अबूदमास्तरांचा ओटा होता. गल्लीतल्या सगळ्या पोरांना कुराण शिकवणारे मास्तर. त्यांना चुकवून जाणार कुठे?

"शिकामू, मास्तर."

"मराहबा. घरची खबर?"

"छान."

"आजीची?"

"छान."

"दाताची?"

"गेला, मास्तर. पण छान."

"आणि डब्यात काय आहे?"

झुहुराने डबा डोक्यावरून खाली घेतला. "आजीचं आईस्क्रीम," ती हळूच म्हणाली. मग डोळे घट्ट मिटून घेतले. "करीबू, मास्तर. या, खा."

मास्तरांनी डब्याच्या तळाला बोट लावून पाहिलं. "उन्हात उभं राहून पाणी प्यायला मी काय वेडा आहे? बोलावलंस ना? मी घरी येऊन खातो. तू गाढवांच्या पोटाखालून नीघ. मी काही मावत नाही, मी सावकाश येतो."

झुहुरा रांगायला लागली. आधी डबा पुढे ढकलायचा, मग आपण सरकायचं.

"माझं लाथ मारत नाही!" हमादीकाका वरून म्हणाला. "त्याच्या गाढवाचं मला माहीत नाही!"

हे ऐकताच झुहुरा दुसऱ्या पोटाखालून अशी सुटली, की थेट घरीच येऊन थांबली.

आजी अंगणात वाटी घेऊन बसलेलीच होती. आईने डबा उघडला. कडेने सगळं हिरवं पाणी, मधे एक गोळा. आजीने त्यात चमचा खोचला. चमचा ताठ उभा राहिला. मग जरासा कलला. मग आणखी जरासा.

"आता याला घट्ट म्हणायचं की पातळ?" आईने विचारलं.

आजीने चमच्याकडे पाहिलं, झुहुराकडे पाहिलं आणि निकाल सांगायला तोंड उघडलं.

झुहुराने झटकन चमचा उपसला, गोळ्यातलं सगळ्यात घट्ट आईस्क्रीम त्यात भरलं आणि 'पातळ' शब्द बाहेर पडायच्या आत आजीच्या उघड्या तोंडात घातलं.