पंचाहत्तर टक्क्यांची शेगडी

मी एक शेगडी. लाकूड खाणारी, बिडाच्या अंगाची, काचेच्या दाराची, डोक्यावर धुराड्याचा नळ मिरवणारी. थंड मुलखात मला बैठकीच्या खोलीत मांडतात आणि सगळं घर माझ्यापुढे हातपाय शेकत बसतं. मी जन्मले मात्र सिंगापुरात! जिथे माणसं बारा महिने घाम पुसत हिंडतात आणि उबेसाठी कुणी साधी ढलपीसुद्धा पेटवत नाही.

सेम्बावांगला जहाजांचे बॉयलर दुरुस्त करणारा एक लहानसा कारखाना होता. मालकाचं नाव मिस्टर आंग. दोन हजार आठच्या मंदीत जहाजांची कामं यायची थांबली. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या सरकारने एक सवलत जाहीर केली. लाकडातली निदान पंचाहत्तर टक्के उष्णता घराला देईल अशी शेगडी जो घेईल, त्याला करात सूट. आंगने धडपड करून तिथला एक व्यापारी गाठला आणि चारशे शेगड्यांचं काम मिळवलं. अट एकच होती. शेगडी पंचाहत्तरची आहे, असा इंजिनीअरच्या सहीचा दाखला हवा.

तो इंजिनीअर म्हणजे उत्तम. भंडाऱ्याकडचा, पंचेचाळिशीचा, मितभाषी माणूस. माझा आराखडा त्याने काढला. बायको प्रेमला आणि सोळा वर्षांची एकता यांच्यासह तो नऊ वर्षं इथे राहत होता. पण त्यांचं इथलं राहणं त्याच्या पासवर, म्हणजे कामाच्या परवान्यावर होतं आणि पास नोकरीवर. नोकरी गेली की महिन्याभरात देश सोडायचा. त्यात एकताची ओ-लेव्हलची, म्हणजे इथल्या दहावीची, परीक्षा ऑक्टोबरात. उत्तम माझ्याकडे बघायचा तेव्हा त्याला लोखंड दिसत नसे, पोरीचं वर्ष दिसत असे.

मला जोडलं पांडुरंगने. हा मालवणचा. वीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून इथे फोरमन झालेला. "उत्तमराव, बाई देखणी झाली," असं म्हणून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली, ती माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी.

माझी परीक्षा घ्यायची तर थंडी हवी. ती सिंगापुरात कुठून आणायची? शेवटी गोठवलेली मासळी वाहून नेणारा एक जुना कंटेनर आणला. आत बर्फासारखा गारठा आणि बाहेर बत्तीस डिग्री ऊन. उत्तम माकडटोपी, मफलर, दोन स्वेटर चढवून आत यायचा, माझ्यापुढे स्टुलावर बसायचा आणि वहीत आकडे टिपायचा. मोजमापाच्या तारा घालायला त्याने माझ्या अंगाला नऊ भोकं पाडली. मी चूं केलं नाही.

पहिल्यांदा मी एकाहत्तरवर अडकले. उत्तमने माझ्या पोटात आडव्या पट्ट्या बसवल्या. त्र्याहत्तर. धुराची वाट आणखी वळणावळणाची केली. चौऱ्याहत्तर. आंग रोज दारात उभा, इथल्या सवयीने वाक्याच्या शेवटी 'लाह' जोडत. "सेव्हन्टी-फाइव्ह, उत्तम. वन मोअर ओन्ली, लाह."

अडचण काय होती, ती उत्तमला ठाऊक होती आणि मलाही. धुरातली उष्णता आतच अडवली की आकडा वाढतो. पण गार पडलेल्या धुराला वर चढायला जोर उरत नाही. मग तो नळातून परत फिरतो आणि खोलीत येतो. त्यातला सगळ्यांत वाईट वायू दिसतही नाही आणि त्याला वासही नसतो.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी पंचाहत्तर गाठलं. कारखान्यात टाळ्या पडल्या. आंगने सगळ्यांना कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, पाजली. उत्तम मात्र हसला नाही. आता मंद जाळावर मला दोन तास चालवून बघायचं होतं. लोक रात्री झोपताना शेगडी तशीच मंद करून ठेवतात ना!

कंटेनरच्या भिंतीवर विषारी वायूची सूचना देणारा भोंगा होता. तो त्या दुपारी तीनदा वाजला. उत्तमने त्याची बॅटरी बदलली. तो पुन्हा वाजला. "थंडीने बिघडलंय," असं पुटपुटत त्याने तो खिळ्यावरून उतरवला आणि बाहेर ठेवून दिला. इतका हुशार माणूस! पण तो भोंगा बिघडलेलाच असावा, अशी त्याला फार गरज होती.

अर्ध्या तासाने त्याच्या हातातली पेन्सिल गळली. ती उचलायला तो वाकला आणि स्टुलासकट कलंडला. पेन्सिल घरंगळत माझ्या पायाशी आली. मी जळतच होते. मला विझायचं होतं हो! पण माझ्या पोटातलं लाकूड माझं ऐकत नाही. ज्याने मला घडवलं, त्यालाच मी मारत होते आणि साधी हाकही मला मारता येत नव्हती.

पांडुरंग चहाला बोलवायला आला म्हणून उत्तम वाचला. त्याने त्याला पाय धरून फरफटत उन्हात ओढलं. "उत्तमराव! डोळे उघडा! अरे, कुणीतरी ॲम्ब्युलन्स बोलवा रे!"

आठ दिवसांनी उत्तम परत आला. हात थरथरत होते. बोलता बोलता साधे शब्द आठवेनासे व्हायचे, पान्ह्याला 'ते... ते पिळायचं' म्हणायचा. एव्हाना माझ्या दीडशे बहिणी तयार होऊन रांगेत उभ्या होत्या.

आंग दाखला घेऊन आला. त्याने आधी उत्तमच्या हातात संत्र्यांची पिशवी ठेवली. वाईट माणूस नव्हता तो. पण बुडत होता.

"आकडा खरा आहे ना?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"खरा आहे. पण मंद जाळावर ती माणूस मारते."

"दाखल्यात फक्त आकडा मागितलाय, उत्तम. दुसरं कोण विचारतंय? माझ्याकडे तीस माणसं आहेत. तू सही कर, प्लीज, लाह."

"धुराची वाट पुन्हा सरळ करू. दोन महिने द्या."

"दोन महिन्यांनी माल निघाला, तर हिवाळ्याची विक्री हातची जाईल. शनिवारपर्यंत सही नाही, तर मी पास रद्द करतो. मला दुसरा इंजिनीअर आणावा लागेल."

शनिवारी सकाळी प्रेमला स्वतःच कारखान्यात आली, एकताला घेऊन. चार दिवस घरात वाद चालला असणार, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दाखला कंटेनरच्या दारातल्या स्टुलावर ठेवलेला होता, वर पेन.

"अहो, करा ना सही!" ती म्हणाली. "एवढी परीक्षा होऊ द्या. मग कुठे जायचं तिथे जाऊ. खोटा आकडा थोडाच लिहिताय तुम्ही?"

उत्तम आत येऊन माझ्यापुढे वाकला. त्याने माझ्यात चार लाकडं रचली आणि काडी ओढली. दोनदा विझली, तिसऱ्यांदा पेटली. मग त्याने माझी हवा कमी केली, बाहेर आला आणि कंटेनरचं उघडं दार दाखवलं.

"तू आणि एकता आत बसा. दार लावून, अर्धा तास. बाहेर आलात की मी सही करतो."

प्रेमला दाराकडे बघत राहिली. माझ्या काचेआड लहानशी, शांत ज्योत होती. फार सुंदर दिसत असणार मी त्या वेळी.

"असं काय बोलता हो..." तिने एकताला जवळ ओढलं. "पोरीला आत बसवू?"

"कुणाची तरी पोर बसणारच आहे, प्रेमला."

 मग एकता म्हणाली, "पप्पा, इट्स ओके, लाह. चैतालीमावशीला विचारू. क्लेमेंटीला तिच्याकडे राहून एक्झाम देईन मी. स्टुडंट पासचं विचारू." एवढं बोलून ती रडायला लागली. प्रेमलाने स्टुलावरचं पेन उचललं, पर्समध्ये टाकलं आणि सर्रकन चेन लावली. पांडुरंगने पुढे होऊन माझी लाकडं बाहेर ओढली आणि त्यांच्यावर पाणी मारलं.

उत्तमने त्याच दिवशी त्या व्यापाऱ्याला सगळ्या नोंदी पाठवल्या. व्यापाऱ्याने काम रद्द केलं. उत्तमचा पास रद्द झाला. महिना संपायच्या आत नवरा-बायको भंडाऱ्याला परतले. एकता चैतालीकडे, प्रेमलाच्या त्या मैत्रिणीकडे, राहिली आणि परीक्षेला बसली. दोन विषय गेले. उत्तमला तिकडेही धड काम मिळालं नाही. पांडुरंग अधूनमधून त्याला फोन करतो. एकाच वाक्यात उत्तम तीनदा अडखळतो म्हणे.

एवढ्यावर निभावलं असतं, तरी मी गप्प गंजले असते. पण वर्षअखेर कारखाना बंद पडला. आंगने सगळं विकायला काढलं. कुणी एक माणूस आला आणि माझ्या दीडशे बहिणी आणि आमचे साचे दोन लॉऱ्यांत भरून घेऊन गेला. त्याने कुणाच्या सहीचं विचारलं नाही. पांडुरंगने कळवल्यावर उत्तमने त्या माणसाला कापऱ्या हाताने तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. सवलत अजून वर्षभर चालणार आहे. दाखला काय, कुणीही छापतो.

मला भोकं होती म्हणून कुणी नेलं नाही. आज मी भंगाराच्या आवारात पालथी पडलेय. रोजच्या पावसाने दाराची बिजागरी गेली. उद्या-परवा मला वितळवतील. त्याचं मला दुःख नाही. पण माझ्या बहिणी कुठल्या घरात आहेत, ते मला माहीत नाही. कुणाच्या घरी बाहेर बर्फ पडत असेल, मुलं पांघरुणात असतील आणि कुणीतरी, लाकूड सकाळपर्यंत पुरावं म्हणून, माझ्या बहिणीची हवा कमी करत असेल.

तुमच्या घरात तशी शेगडी असेल, तर तिच्याबरोबर आलेल्या कागदावर विश्वास ठेवू नका. जाळ मंद करून झोपू नका. भोंगा वाजला तर त्याची बॅटरी बदलत बसू नका. मुलांना उठवा. खिडकी उघडा. गारठा येऊ दे आत, पण खिडकी उघडा.