आत बाई आहे

प्रमिलाबाईंनी दाराची कडी धरली ती सोडेचनात. शवागारात काम करणाऱ्या आधार नानांनी दोनदा समजावलं. पंचनाम्याला आलेल्या हवालदाराने एकदा आवाज चढवून पाहिला, मग तोच ओशाळून कडुनिंबाच्या सावलीत जाऊन उभा राहिला. शवागाराच्या हिरव्या लोखंडी दारासमोर साक्रीकडच्या एका गावाहून आलेली सात-आठ माणसं होती. त्यांची जीप फाटकाजवळ दारं उघडी टाकून तशीच उभी होती. बाईंचे यजमान प्रेमराव भिंतीला टेकून खाली बसले होते आणि समोरच्या फरशीकडे पाहत होते.

त्यांची ज्योती आत होती. वीस वर्षांची, धुळ्याला फार्मसीला शिकणारी. सकाळी कॉलेजला जाताना हायवेवर तिच्या स्कूटीला मागून ट्रकची धडक बसली. दवाखान्यात आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

"माझं एवढंच सांगनं शे," प्रमिलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज रडका नव्हता, कोरडा होता. "मझार बाई शे का कोनी? बाई व्हई ते मी हात काढस. मनी पोरले परका मानूस हात लावाव नही."

 आधार नानांनी मान वळवून सविताकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे नजर वळवली.

सविता ओसरीवर धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. तीन आठवड्यांपूर्वी ती इथे रुजू झाली होती. तिचा नवरा धम्मपाल सतरा वर्षं याच शवागारात काम करत होता. दीड वर्षापूर्वी तो हृदयविकाराने गेला आणि अनुकंपा तत्त्वावर त्याच्या जागी तिला घेतलं. आल्या दिवशीच नानांनी तिला सांगितलं होतं की घाई नाही, तयारी होईपर्यंत बाहेरचं बघ. त्यामुळे ती नोंदवही लिहायची, चादरी धुवायची, नातेवाइकांना पाणी द्यायची. आतल्या खोलीचा उंबरा तिने अजून ओलांडला नव्हता. महिना भरला की ओपीडीत बदली करून घ्यायची, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

नानांनी तिच्याकडून काही मागितलं नव्हतं. नुसतं पाहिलं होतं. पण प्रमिलाबाईंनीही त्या नजरेच्या मागोमाग पाहिलं आणि त्या तिच्याकडे बघत राहिल्या. सविताच्या हातातली घडी अर्धीच राहिली.

"आहे," ती म्हणाली. "मी आहे आत."

"तुम्हनं नाव काय?"

"सविता."

प्रमिलाबाईंच्या मागे एक म्हातारी काठीला दोन्ही हात टेकून उभी होती. ती प्रेमरावांची चुलती, द्रौपदाबाई.  नाव ऐकल्याबरोबर ती काठी टेकत पुढे आली आणि सविताच्या तोंडाकडे अगदी जवळून पाहू लागली.

"सविता? तूच का ती?"

सविताने हातातली अर्धी घडी छातीशी धरली.

"मनी सून आठेच आनेल व्हती. नऊ वरीस व्हयनात. कापूस येचता येचता तिले साप डसना." म्हातारी प्रमिलाबाईंकडे वळली. "मी बी असंच इचारं व्हतं. आठे एक भाऊ व्हता, तो म्हने, काळजी करू नका अक्का, सविताबाई शे मझार, ती बठ्ठं नीट करी. आनि घर नेवावर मी तिनं तोंड देखं. काय वेनी घालेल व्हती माय. लगीनले घालतस तशी. कानफटीना एक केस बी इकडेना तिकडे नही." ती पुन्हा सविताकडे वळली. "तूच ना ती?"

नऊ वर्षांपूर्वी सविता या आवारात पाय टाकत नसे. धम्मपालचा डबा राहिला तरी ती फाटकावरच्या रखवालदाराकडे देऊन परत फिरायची. तिने नानांकडे पाहिलं. नाना खाली वाकून आपल्या रबरी बुटांवरचा कुठला तरी डाग बोटाने पुसत होते. तिथे डाग नव्हता.

"हो अक्का," सविता म्हणाली. "मीच."

द्रौपदाबाईंनी प्रमिलाबाईंच्या मुठीवर आपला हात ठेवला. एकेक बोट सुटत गेलं आणि कडी मोकळी झाली.

*

डॉक्टरांचं काम तासाभरात आटोपलं. तेवढा वेळ सविता मधल्या बोळात, पाठ भिंतीला लावून उभी होती. दाराच्या काचेला आतून चुना लावलेला होता. त्यातून हालचालींच्या फिकट सावल्या तेवढ्या दिसत. डॉक्टर हात धुऊन बाहेर पडले, तिच्याकडे पाहून त्यांनी मान हलवली आणि निघून गेले. मग नानांनी आतून हाक मारली.

खोली तिने मनात रंगवली होती तशी नव्हती. वर झरोका होता आणि त्यातून दुपारचं ऊन एका चौकोनात भिंतीवर पडलं होतं. मधोमध दगडी ओटा. त्यावर गळ्यापर्यंत पांढऱ्या चादरीखाली ज्योती. नाना तिच्या डोक्याशी बसून शेवटचे टाके घालत होते. एका कानामागून दुसऱ्या कानामागे जाणारी ती शिवण होती. नाना चष्मा नाकावर ओढून, ओठ मिटून, साडीला फॉल लावणाऱ्या बाईसारखे बारीक टाके घालत होते.

"नाना," तिने विचारलं, "ती म्हातारी काय म्हणत होती?"

नानांनी टाका पुरा केला. दोरा तोडला. सुई ताटलीत ठेवली.

"पह्यले आठे बाई नव्हतीच," ते म्हणाले. "एक माय उनी, तिनी इचारं. आम्ही खरं सांगं, बाई नही शे. ती तठेच दारशी बसनी. दिवस बुडना तरी पोरले हात लावू देयेना. आखिर लोकेसनी तिले उचलीसन बाजूले करं." त्यांनी ताटली बाजूला सारली. "ते धम्मानी देखं. चार दिवस तो जेवना नही धड. मंग दुसरी येळे कोनी इचारं, तव्हय तो म्हने, शे ना बाई. त्यासनी नाव इचारं. त्याना तोंडमा तुनंच नाव उनं."

सविता ओट्यापासून दोन हात दूर उभी होती. तिला पुढे जाता येईना, मागेही सरकता येईना.

"मी त्याले म्हनं, धम्मा, मेलेल मानूसना दारशी खोटं कसाले बोलनास? तो म्हने, नाना, नाव तिनं लिधं, मंग काम बी तिना हातनं दिसाले जोयजे."

मग नानांनी सांगितलं ते तुटक तुटक, हात चालवत सांगितलं. बाईमाणूस असलं की धम्मपाल सगळ्यांना बाहेर काढायचा. अंगावरची चादर कधी पुरती काढायचा नाही. एक हात चादरीखाली घालून, नजर भिंतीकडे ठेवून, हाताच्या अंदाजाने पाणी लावायचा. कामाला लागण्याआधी घटकाभर हात जोडून उभा राहायचा. मनात काय म्हणायचा ते नानांनी कधी विचारलं नाही. सुरुवातीला केसांचं त्याला जमायचं नाही. शिवणीवर केस नुसते ओढून घ्यायचा, ते घरंगळून पुन्हा बाजूला व्हायचे. एकदा एका बापाने नेमकं तेच पाहिलं आणि तो मटकन खाली बसला.

"मंग तो घरथीन वेनी शिकी उना," नाना म्हणाले.

सविताला ते दिवस आठवले. त्यांची लेक सपना तेव्हा दुसरीत होती. एके दिवशी धम्मपाल सकाळी लवकर उठून म्हणाला, आजपासून हिची वेणी मी घालणार. सविता हसली होती. पोरगी शाळेत जायची ती वाकडीतिकडी वेणी घेऊन आणि बायका विचारायच्या, आज आई गावाला गेली का. पण त्याने सोडलं नाही. ओट्यावर पोरीला पुढ्यात बसवून तो रोज सकाळी वेणी घालायचा. सविताला विचारायचा, कानामागून पेड कसा धरायचा? बसका कसा राहील? आतलं काही दिसू नये असं कसं घालायचं? आतलं म्हणजे काय, असं तिने विचारलं होतं. तो म्हणाला होता, डोक्याची कातडी. तिने त्याचा हात हातात धरून त्याला शिकवलं होतं, कानामागून थोडे थोडे केस उचलत, प्रत्येक पेडात नवे मिसळत कसं यायचं ते. वर्षभरात त्याची वेणी तिच्या वेणीपेक्षा नीट बसू लागली. माणूस लेकीसाठी वेडा आहे, एवढंच तिला वाटलं होतं.

बाकी तो कामाचं कधी काही बोलला नाही. अंगणातल्या नळावर आंघोळ करूनच घरात यायचा आणि जेवताना गप्प असायचा. सतरा वर्षं तिने त्या गप्प बसण्याचा राग केला होता. आणि इथे, या झरोक्याच्या उजेडात, तिचं नाव घेऊन तो बायांना निरोप देत होता. किती जणींना, ते नानांनी मोजलं नव्हतं. साक्रीकडे, शिरपूरकडे, तिने न पाहिलेल्या घरांमध्ये, सविताबाई नावाची कुणी तरी आपल्या लेकीजवळ शेवटपर्यंत होती, असं माणसं मनाशी धरून राहत होती.

ती ओट्याजवळ सरकली. भीती उरली नव्हती. लहानपणी पाचोऱ्याला आजोबांबरोबर विहारात पहिल्यांदा गेल्यावर, कुणी न सांगता तिचा आवाज आपोआप बारीक झाला होता. आताही तसंच काहीसं झालं.

नानांनी भिंतीतलं कपाट उघडलं. त्यात तेलाची बाटली होती, काळ्या रिबिनी होत्या आणि कागदात गुंडाळलेले नवे कंगवे होते.

"एकीना कंगवा दुसरीले नही," ते म्हणाले. "तो बी त्यानाच नेम. आते तू. मी बाहेर उभा ऱ्हास. कोनीच येवाव नही."

दार ओढून घेतल्याचा आवाज झाला.

सविताने पदर खोचला. हात जोडले. मनात काय म्हणावं ते तिला सुचलं नाही, म्हणून ती नुसती उभी राहिली. मग बादली ओढून तिने फडकं पिळलं आणि चादरीखाली हात घातला. तिला भिंतीकडे पाहण्याची गरज नव्हती, ती बाई होती. तरी तिने नजर भिंतीवरच्या उन्हाकडे ठेवली.

डाव्या तळहातावर पेनाने काही लिहिलं होतं. तिने हात उजेडाकडे वळवला. 'जर्नल सही' असं निळ्या शाईत, घाईच्या अक्षरात. फडकं तिथे अडलं. तिने पाची बोटं धुतली, मनगट धुतलं, हाताची मागची बाजू धुतली. ते दोन शब्द तसेच ठेवले.

केस दाट होते. तिने तेल लावून ते आधी बोटांनी मोकळे केले, मग कंगव्याने. कानामागून पहिला पेड उचलला. थोडे नवे केस, पुन्हा थोडे नवे. शिवण एकेका पेडाखाली झाकत गेली आणि मानेपाशी आली तेव्हा ती कुठे होती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. वेणी तिने खांद्यावरून पुढे घेतली. मुलगी कॉलेजला निघाल्यासारखी दिसत होती.

*

बाहेर आणल्यावर प्रेमरावांना बघवेना. ते फाटकाकडे चालत गेले. प्रमिलाबाई मात्र स्ट्रेचरपाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी तोंडावरचं पांढरं कापड स्वतःच्या हाताने बाजूला केलं. बराच वेळ पाहिलं. मग दोन बोटं वेणीच्या सुरुवातीपासून टोकापर्यंत सावकाश फिरवली, पुन्हा वर नेली, पुन्हा फिरवली.

 द्रौपदाबाईंनी सविताचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि कपाळाला लावले. त्या हातांना अजून तेलाचा वास होता. अक्का, तुमच्या सुनेची वेणी माझ्या माणसाने घातली होती, हे शब्द सविताच्या अगदी ओठांवर आले. तिने ते गिळले. त्याने ज्या नावाने सांगितलं होतं, त्याच नावाने ते म्हातारीजवळ राहू दे, असं तिला वाटलं.

जीपची मागची फळी खाली केली. पुरुष पुढे झाले. तेव्हा प्रमिलाबाई सविताच्या जवळ आल्या आणि कुणाला ऐकू जाऊ नये असं हळू विचारलं,

"तिनासंगे काही बोलनात का तुम्ही?"

सविता गोंधळली. काय सांगितलं असता या माउलीला बरं वाटेल, याचा तिने क्षणभर विचार केला. पण तसलं काही तिला जुळवता आलं नाही. जे घडलं होतं तेच तिने सांगितलं.

"पाणी गार आहे, एवढं म्हटलं."

प्रमिलाबाईंनी मान हलवली. हलवतच राहिल्या. सकाळपासून कोरडे असलेले डोळे आता भरून आले.

"तिले गार पानी सोसे नही," त्या म्हणाल्या. "उन्हायामा बी गरम लागे तिले. बरं व्हयनं, सांगं ते."

जीप गेली. तिच्या मागे उडालेली धूळ खाली बसेपर्यंत हवालदार टोपी हातात घेऊन उभा होता. मग तोही मोटारसायकलला किक मारून निघून गेला. नाना ओसरीवर बसून बूट काढत होते.

सविताने आतल्या दोन्ही बादल्या बाहेर आणल्या. नळाखाली विसळल्या, काठोकाठ भरल्या आणि एकेक करत अंगणाच्या मधोमध, जिथे कडुनिंबाची सावली पोचत नव्हती, तिथे नेऊन ठेवल्या.

"उनमा कसाले?" नानांनी विचारलं.

"असू द्या नाना," ती म्हणाली. "तापेल जरा."