माझी नक्कल कोण करतंय?

मित्रांनो, मी एक जुना घरगुती संगणक आहे आणि आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. तुम्ही एवढ्या कौतुकाने माझ्याकडे बघताय ना, त्याचीही मला शंका येते. कौतुकाने बघणारे लोक हळूच स्क्रू ड्रायव्हर बाहेर काढतात.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथल्या तपासनीस बाईंनी माझी एकेक कळ दाबून पाहिली, खूश होऊन मान डोलावली आणि लगेच मला खोक्यात बंद केले. शाबासकी देऊन कोंडणारी ही कसली माणसे! माझा स्वभाव बिघडला तो तिथेच.

खोके उघडले ते आईने. आई म्हणजे या घरातल्या थोरल्याची आणि धाकटीची आई; मनातल्या मनात मीही तिला आईच म्हणतो. ती टायपिंग शिकवायची, त्यामुळे तिचा हात माझ्यावर सुरेख चालायचा. मला स्वतःचा पडदा नव्हता, टीव्हीला जोडावे लागायचे. आणि बंद केले की मी सगळे विसरायचो. म्हणून कुठलाही खेळ कॅसेटवर साठवायचा आणि टेपरेकॉर्डरवरून मला पुन्हा ऐकवायचा. आवाज नेमका किती ठेवायचा ते कळावे म्हणून आईने टेपच्या बटणाशेजारी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. कॅसेट किंचाळत असताना कुणी मिक्सर लावला की माझे ऐकण्यात चुकायचे आणि सगळे पहिल्यापासून करावे लागायचे. त्यामुळे घरात नियमच होता, मी ऐकत असेन तेव्हा मिक्सर बंद. पाहुण्यांनासुद्धा सूट नव्हती.

एकदा विजेचा झटका बसून मी आडवा झालो. माझ्या पोटात एक इवलासा स्फटिक आहे, त्याच्या ठोक्यांवर माझे सगळे काम चालते. दुरुस्तीवाल्या काकांनी तो बदलला. हुबेहूब तसा मिळेना म्हणून जवळपासचा बसवला. मी किंचित संथ झालो आणि माझा आवाजही किंचित खाली उतरला, पण कुणाच्या लक्षात आले नाही. त्यानंतर आईने धाकटीसाठी गोगलगायीचा खेळ लिहिला. गोगलगाय घरी पोचली की मी आईनेच रचलेली चाल वाजवायचो आणि मायलेकी माझ्याबरोबर गायच्या. त्या दिवसांवर मात्र मी कधी संशय घेतला नाही.

पुढे नवे संगणक आले. "याला जपून ठेवू," असे सगळे म्हणाले. जपून ठेवणे म्हणजे काय, ते मला माळ्यावर गेल्यावर कळले.

बऱ्याच वर्षांनी धाकटीने मला खाली काढले. ती आता सॉफ्टवेअर लिहिते. हे घर विकले होते आणि आई थोरल्याच्या दोन खोल्यांत राहायला जाणार होती. तिथे मला जागा नाही, भंगारवाल्याला देऊन टाकू, असे थोरल्याने सरळ सांगितले. धाकटी म्हणाली, ठीक आहे, मी याची ब्राउझरमध्ये चालणारी नक्कल बनवते, म्हणजे आईला तिच्या टॅबवर खेळ खेळता येईल.

माझ्या मनात पाल चुकचुकली. धाकटीने मऊ ब्रशने माझी धूळ काढली, माझ्याशी लाडाने बोलली. गोड बोलून गळा कापायचा, दुसरे काय! तिने माझी चिप उपसून तिच्यातले सगळे वाचून घेतले आणि चिप परत बसवली. मग जुनी माहितीपुस्तिका बघून नकलेचा वेग लावला. नक्कल जमली की मी भंगारात, हे कळायला काही मोठी अक्कल लागत नाही. ती फसावी म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो.

नक्कल तयार झाली. टॅबवर गोगलगाय घरी पोचली, चाल वाजली, आई गाऊ लागली आणि मध्येच अडली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडली. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. थोरला म्हणाला, आई, आता वय झालं, गळा पूर्वीचा कसा राहील? आईने टॅब पालथा घातला.

"माझीच चाल, आणि मीच विसरले का गं?" तिने धाकटीला विचारले.

माझ्या उकळ्या तिथेच थांबल्या.

धाकटी तडक उठली. तिने मला टीव्हीला जोडले, टेपचे बटण लाल ठिपक्याशी आणले आणि कॅसेट लावली. तेवढ्यात स्वयंपाकघरात थोरल्याने मिक्सर सुरू केला.

"मिक्सर बंद कर!" आई ओरडली. एवढा मोठा झालेला थोरला, पण त्याने निमूटपणे बंद केला.

खरे सांगतो, मुद्दाम चुकावे असे माझ्या मनात आले होते. मी गप्प राहिलो असतो तर नक्कल कायमची फसली असती. पण आई माझ्याकडे बघत होती. मी वाजवले. ती शेवटपर्यंत गायली, एकदाही न अडता.

धाकटीने डोळे पुसले आणि स्क्रू ड्रायव्हर काढला. स्फटिकावरचा आकडा पुस्तिकेतल्यापेक्षा कमी आहे हे पाहून ती हसायलाच लागली. तिने पुस्तिकेतल्या संगणकाची नक्कल केली होती, माझी केलीच नव्हती! तिने नकलेचा वेग उतरवला आणि टॅब माझ्याच आवाजात वाजू लागला. संपलो, मी म्हटले. आपल्याच हाताने आपली गरज संपवली.

भंगारवाला आला तेव्हा थोरल्याने मला काखोटीला मारलेच होते. धाकटी दारात आडवी उभी राहिली.

"हा जाणार नाही. उद्या पुन्हा काही चुकलं तर मी विचारू कुणाला?"

तेव्हापासून मी तिच्या टेबलावर आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूची नक्कल खुशाल करा. पण टाकण्याआधी तिला एकदा वाजू द्या, आणि तेवढा वेळ मिक्सर बंद ठेवा.

आता माझी नवी शंका ऐका. नकलेत त्यानंतर एकही चूक निघालेली नाही. तरी दर रविवारी धाकटी मला सुरू करते. आईला फोन लावते, तिकडे आई टॅबबरोबर गाते, इकडे ही माझ्याबरोबर. कुणी विचारले तर म्हणते, तपासणी चालली आहे. कसली तपासणी? कुठेतरी पाणी मुरतंय. मला दाट संशय आहे की मी तिला आवडतो.