तीन नंबरची कॅप

"थोरल्याचा आवाज बदललाय गं. कोणीतरी एकदा जाऊन त्याचं तोंड बघून या."

सासूबाई हे म्हणाल्या तेव्हा धाकटी सून लेकीच्या कपाळाला हात लावून ताप बघत होती. ताप नव्हताच. पण अधूनमधून बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास तपासणारी बाई ती.

"आई, रेंजमुळे येतो हो तसा आवाज," ती म्हणाली. "मोठे भाऊजी ठणठणीत आहेत. दर रविवारी बोलतात की."

सासूबाईंनी जुडी पुढे ओढली. भाजी निवडत राहिल्या.

भाऊजींचा फोन खरंच चुकत नसे. सासरे फोन घेताच विचारायचे, "गाडी काय म्हणते?" पलीकडून उत्तर यायचं, "झकास, बाबा. परवाच ऑइल बदललं." मग सासूबाई, "जेवलास?" "हो." झालं, संपला रविवार.

गाडी म्हणजे ट्रक. सासऱ्यांना सगळी गल्ली वस्ताद म्हणायची. एकाच बनावटीचे दोन डिझेल ट्रक त्यांनी उभ्या आयुष्यात चालवले आणि दोन्हींची इंजिनं स्वतःच्या हातांनी खोलून बांधली. त्यातला एक थोरल्याला दिला. तो घेऊन थोरला लांबच्या शहरात धंद्याला गेला. बायको ना पोर, सडाफटिंग. दुसरा ट्रक धाकट्याचा, तो इंजिन उघडं टाकून घरापुढे उभा होता. तो चालू होईस्तोवर धाकटा दुसऱ्याच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर, म्हणजे घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. वस्तादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. तेव्हा टॉर्च धरायला, नंबर वाचायला, बारीक बघायला उरली कोण? बी. ए. झालेली धाकटी सून.

"शिकलीस ते कामाला आलं बघ," वस्ताद इंजिनाखालून म्हणायचे. "वाच, काय लिहिलंय?"

"काही लिहिलेलं नाही, बाबा. नुसती टिंबं आहेत."

"तीच वाचायची असतात."

इंजिनाच्या पोटात दर पिस्टनला एक दांडा असतो, कनेक्टिंग रॉड. त्याच्या खालच्या टोकाला कॅप बसते. ज्या दांड्याची कॅप त्यालाच बसवावी लागते, म्हणून खोलताना मिस्त्री पंच या टोकदार हत्याराने ठोकून टिंबं पाडतो. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. सगळं जग पंख्याच्या बाजूने मोजतं. वस्ताद मोजायचे गिअरबॉक्सच्या बाजूने.

"असं उलटं का हो?"

"मी बसायचो गिअरबॉक्सच्या बाजूला. माझ्या जवळचा तो एक नंबर." मग हसायचे. "थोरल्याच्या गाडीत तर आणखी गंमत आहे. तीन नंबरच्या कॅपवर तिसरं टिंब त्यानं पाडलं, पहिल्यांदा पंच हातात धरून. सटकला तो थेट कडेपर्यंत. हा एवढा ओरखडा! म्हटलं, राहू दे. सही समज तुझी."

धाकट्याच्या इंजिनात एक रॉड वाकलेला निघाला. कंपनीने तो भाग बनवणं केव्हाच बंद केलेलं. दुकानदार नमुना हातात घेऊन वस्तादांना म्हणायचे, "काका, हे आता संग्रहालयात मिळेल." शेवटी कोणीतरी हमरस्त्यावरच्या भंगारवाल्याचं नाव सांगितलं. तिथे म्हणे त्याच बनावटीचं अख्खं इंजिन पडलं होतं.

सासूबाई दवाखान्यात गेलेल्या, म्हणून पोरीलाही न्यावं लागलं. टोपी, पाण्याची बाटली, हात पुसायचे रुमाल, सुती चादर. गंजलेल्या पत्र्यांच्या त्या डोंगरात शिरताना धाकटीने लेकीला असं आवळून धरलं, की वस्ताद वैतागले. "अगं, पोरगी आहे ती. काचेची बरणी नव्हे."

भंगारवाला गडगड्या आवाजाचा माणूस. "या, वस्ताद! मागे आहे तुमचा माल. उलटा करून ठेवलाय, पोट वर. बघा आणि हवा तो रॉड काढून न्या."

इंजिन लाकडी ओंडक्यांवर पालथं पडलं होतं. खालची ऑइलची परात काढून टाकलेली, सहाही कॅप उघड्या. धाकटीने एका हाताने लेकीला सावरलं, त्याच हातात टॉर्च धरला आणि दुसऱ्या हाताने चिंधीने काजळी पुसली.

"वाच."

"इकडे पंख्याच्या बाजूला... सहा टिंबं." ती पलीकडे सरकली. "आणि गिअरबॉक्सच्या बाजूला एक." तिला हसूच आलं. "बाबा, तुमच्यासारखा आणखी एक उलट्या डोक्याचा मिस्त्री आहे बघा जगात!"

वस्ताद हसले नाहीत.

"तीन नंबर पूस," ते म्हणाले.

तिने पुसली. दोन टिंबं गोल, ठसठशीत. तिसऱ्या टिंबापासून एक ओरखडा निघून थेट कडेपर्यंत गेलेला.

वस्तादांनी हात पुढे केला, चाचपडत कॅप शोधली आणि अंगठा त्या ओरखड्यावरून फिरवला. एकदा. परत एकदा. मग अंगठा तिथेच राहिला.

"ही गाडी कुठून आली?" धाकटीने विचारलं. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

"टो करून आणली होती," भंगारवाला म्हणाला. "झाले की बरेच दिवस. पुढचा भाग पार चेपलेला. केबिनमध्ये बघवत नव्हतं हो."

"आणि चालवणारा?"

"ते काय ठाऊक? आमच्याकडे लोखंड येतं, वहिनी. माणसं दुसरीकडे जातात."

लेक टॉर्चशी खेळत होती. गेल्याच रविवारी भाऊजी म्हणाले होते, ऑइल बदललं या गाडीचं! तिचं इंजिन समोर पालथं पडलं होतं आणि त्याच्या पोटात कोळ्याने जाळं विणलं होतं. मग दर रविवारी बोलत होतं कोण?

तिने फोन लावला. स्पीकरवर टाकला. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली, आणि उचलला गेला.

"बोल गं. आज मध्येच कसा फोन?"

भाऊजींचाच आवाज. जिवंत. ती म्हणाली, "सहजच. गाडी काय म्हणते, भाऊजी?"

"झकास! आत्ताच माल भरून निघालोय."

वस्ताद फोनकडे वाकले. अंगठा कॅपवरून हलला नव्हता. "थोरल्या," ते म्हणाले, "तुझी सही माझ्या हाताखाली आहे."

पलीकडून फोन बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा लावला, उचलला नाही.

रॉड तिथेच राहिला. पोरीसकट, त्याच कपड्यांनी, ती दोघं बसमध्ये बसली. पत्ता जुना होता. तिथून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे पाठवलं. एका टायरच्या दुकानामागे खोली होती. दार लोटलेलं. आत भाऊजी खाटेवर बसले होते. दाढी वाढलेली, अंगाने निम्मा उरलेला. भिंतीला कुबडी. विजारीचा उजवा पाय गुडघ्याखाली दुमडून पिनेने टाचलेला.

वस्तादांना ते नीट दिसत नव्हतं. ते खाटेवर टेकले आणि हाताने चाचपत गेले. खांदा, दंड, मांडी. गुडघ्यापाशी हात थांबला.

"अरे..." एवढंच म्हणाले.

"टायरवाल्यानं ठेवून घेतलंय. पंक्चर काढतो बसल्या बसल्या," भाऊजी खाली बघत म्हणाले.

"आणि आम्हाला एका शब्दानं नाही सांगायचं?"

"तुम्ही गाडीचं विचारायचात, बाबा. मी गाडीचं सांगायचो."

वस्तादांनी दुमडलेली विजार हाताने सारखी केली. धाकटीच्या कडेवरची पोरगी कुबडीकडे हात करून हसली.

भाऊजी आता घरी आहेत. रोज सकाळी त्यांना हाक मारून ते ओ देईपर्यंत धाकटी दारातून हलत नाही. आणि ही गोष्ट ज्याला सांगते त्याला शेवटी एकच विनवते, तुम्हालाही विनवते: तुमचं असं कोणी लांब राहत असेल, दर फोनला ठणठणीत असेल, सगळं झकास म्हणत असेल, तर आता फोन नका करू. जाऊन दार वाजवा. तोंड बघून या.