थोरलीने न केलेला धूर

आपलं नुकसान झालं की आपल्याला भरपाईपेक्षा समोरच्याचं नुकसान जास्त गोड लागतं. खोटं वाटत असेल तर स्वतःच्या मनाला विचारून पाहा. घरातल्या थोरल्या सुनेचं, थोरलीचं तेच झालं होतं.

धाकट्या दिराच्या शेळ्या तिच्या फुलकोबीत शिरल्या आणि गड्डे धरायला आलेला अख्खा वाफा त्यांनी बुडख्यापर्यंत फस्त केला. दोघांच्या शेतांमधलं फाटक कुणी उघडं टाकलं, हे सांगायला ज्योतिषी नको होता. ती जाब विचारायला गेली, तर धार काढता काढता दीर म्हणाला, "वहिनी, शेळीला काय कळतंय वाफा कुणाचा ते?" आणि वर हसला. कोबी गेल्याचं दुःख तिने एक वेळ गिळलं असतं, पण ते हसणं काही गिळवेना. शेळीला नाही कळत, तुला कळेल, असं मनाशी म्हणत ती परतली.

संधी थंडीनेच आणून दिली. थोरलीची जमीन चढावर, दिराची खाली. कडाका पडणार असं दिसलं की ती पहाटे बांधावर ओला पाला पेटवायची. धूर उताराने सावकाश खाली सरकत दोन्ही बागांवर पसरायचा आणि पिकं करपण्यापासून वाचायची. खालून पेटवून उपयोग नसे, तो धूर सरळ ओढ्यात जाई. यंदा तिच्याकडे कोबी गेल्यावर कांदा-लसूणच उरला होता, आणि त्याला थंडीचं भय नाही. दिराचा वाटाणा मात्र ऐन फुलात होता. म्हणजे धूर करायचा तो फक्त त्याच्यासाठी. थोरलीला इतका आनंद कित्येक दिवसांत झाला नव्हता.

कडाक्याची चिन्हं दिसली त्या संध्याकाळी तिने गाईला वैरण घातली, वासराच्या पाठीवर गोणपाट बांधलं, कोंबड्या डालल्या. बांधावर पाला मात्र रचला नाही. सासऱ्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी विचारल्यावर तिने काही लपवलं नाही.

"राग आलाय तर त्याच्या दारात जा, चार शिव्या हासड. माझ्याही दोन घाल त्यात," सासरे म्हणाले. "पण थंडीच्या आडून सूड घेऊ नकोस. भांडायचं ते तोंडाने, सूनबाई. हात आखडून नाही."

"तुमचा लेक आहे, म्हणून बोलताय," ती म्हणाली.

सवयीने तिला पहाटे जाग आलीच. ती गोठ्यापाशी जाऊन उभी राहिली. गोठलेल्या दवाने गवत पांढरंफटक पडलं होतं. खालच्या वाटाण्याकडे बघत ती पुटपुटली, "हस आता!" वासराच्या अंगावरून हात फिरवत ती उजाडायची वाट बघत राहिली. तिला ते काळे पडलेले वेल डोळे भरून बघायचे होते.

तेवढ्यात कुणीतरी धापा टाकत चढ चढून आलं. दीरच होता, पायात चपलासुद्धा नव्हत्या.

"वहिनी, धूर दिसला नाही गं. म्हटलं, तू आजारी पडलीस की बाबांना काही झालं?"

ज्याचं पीक गोठत होतं तो पिकाकडे न बघता तिच्याकडे धावत आला होता! थोरलीला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"कुणाला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "धूर मुद्दाम केला नाही. तुझा वाटाणा जळावा म्हणून."

तो खाली बघत म्हणाला, "फाटक मीच उघडं टाकलं होतं. कबूल करायची लाज वाटली, म्हणून हसलो."

मग दोघांनी मिळेल तो पाला ओढून आणला. सासरेही काठी टेकत गोठ्यातली ओली चिपाडं देऊ लागले. धूर खाली उतरला, पण उशीर झाला होता. अर्धा वाटाणा वाचला, अर्धा करपला. त्या करपलेल्या वेलांकडे थोरलीच्याने बघवेना.

मंडळी, शेजाऱ्याशी, भावाशी भांडण झालं तर खुशाल भांडा, मोठ्याने भांडा. पण आपल्या ज्या कामावर तो विसंबून आहे, ते काम तेवढं थांबवू नका. मागाहून कितीही पाला पेटवला तरी करपलेलं फूल पुन्हा उमलत नाही.